तळहातावरचं मैदान

नंदुरबारच्या मैदानावर क्रिकेटचा सामना असला की आमचा एक मित्र आम्हा चार आंधळ्यांना शेजारी बसवून खेळ सांगतो. हे काम त्याला कुणी दिलेलं नाही. एरवी तो मिरच्या वाळवायच्या पथारीवर कामाला असतो. सामन्याआधी माझ्या तळहातावर बोटानं मैदान काढतो, कोण कुठं उभा आहे ते टोचून दाखवतो. त्यानं कितीही हात धुतले तरी ते मैदान संध्याकाळपर्यंत चुरचुरत राहतं.

"बॉल वर शे... आजून वरच शे... खाले ई ऱ्हायना," असं तो चेंडू हवेत असतानाच सांगायचा. त्यामुळे आम्हीही लोकांच्या बरोबरीनं ओरडायचो.

यंदा आधी लोक ओरडतात, मग तो "चौका शे" म्हणतो.

काल मी विचारलंच. म्हणाला, "ऊन डोयामा जाई ऱ्हायनं, भाऊ."

ऊन आमच्या पाठीवर होतं.

निघताना नेहमीसारखा त्यानं माझा दंड धरला. पायऱ्यांपाशी मात्र थांबला. माझी काठी खालच्या पायरीवर टेकल्याचा आवाज झाला, तेव्हा कुठं त्यानं पाऊल उचललं.