पायल निवडून आली, अन् मी निकाल फिरवला

मित्रांनो, आज मले माझीच लाज वाटून राह्यली.

मी धाड गावातल्या शाळेत सातवीच्या वर्गावर शिकवते. राष्ट्रपतींले आपण नाही, आपले खासदार-आमदार निवडतात, हे आज वर्गातच मतदान घेऊन दाखवलं. पोरांनी आधी आपसातून आमदार निवडले. मग त्या आमदारांनी तीन उमेदवारांले पसंतीक्रम दिले. जिंकेल तो वर्गप्रतिनिधी, असं मीच सांगितलं होतं.

पहिल्या मोजणीत कोणालेच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत. शेवटचा उमेदवार बाद झाला, त्याले पहिली पसंती देणाऱ्यांची दुसरी पसंती मोजली, अन् आर्यनले मागे टाकून पायल निवडून आली.

पायल वर्गात फारशी बोलत नाही. पुढच्या आठवड्यात शाळेत पाहुणे येणार, भाषण प्रतिनिधीलेच करावं लागते. मी पटकन बोलून गेले, "हा नुसता सराव होता. प्रतिनिधी आर्यनच राहील. तो धीट आहे."

पायल हळूच म्हणाली, "मॅडम, मले खरंच वाटलं होतं."

मधल्या सुट्टीनंतर मी वर्गासमोर चूक कबूल केली अन् तिचं नाव जाहीर केलं. ती उठली नाही.

"राहू द्या मॅडम, आर्यनलेच करा."

मोजणी कशी करायची, हे मी पोरांले नीट शिकवलं. पण निकाल मानायचा असतो, हे आता कोणत्या तोंडानं शिकवू? तुम्ही असते तर उद्या पायलसोबत काय बोलले असते?