ऑर्व्हिल आला का?

आमच्या वेंडल पास्टरच्या एकाही सदऱ्याचा खिसा कधी स्वच्छ नव्हता. आजाऱ्यांच्या कपाळाला लावायच्या तेलाची छोटी बाटली तो छातीवरच्या खिशात घेऊन फिरायचा, आणि तिचं झाकण नीट बसलंय की नाही हे पाहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याची बायको फिलिस म्हणायची, "देवानं याला मेंढरं सांभाळायला दिली, पण झाकण सांभाळायची अक्कल द्यायची राहून गेली." शेवटी तिनं डाग घासणं सोडलं आणि आम्ही डाग पाहणं सोडलं. आता चर्चमध्ये नवी पास्टर आली आहे. गुणी बाई आहे. तिच्या कपड्यांवर एक ठिपका दिसत नाही, आणि मला उगाचच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

वेंडल आला तेव्हा आमच्या खोऱ्यात माणसांपेक्षा गायी जास्त होत्या, आणि हा शहरात वाढलेला गडी गायीला भ्यायचा. कुणाच्या शेतावर गेला की गोठ्याच्या दाराशी उभा राहून आतल्याशी बोलायचा. पेंडीच्या गिरणीत सकाळी कॉफीला जमणारे आम्ही सगळे ब्रदरन पंथाचे शेतकरी, पोटभर हसून घेतलं त्याला. तो आमच्याहून मोठ्यानं हसायचा.

पण मतांच्या बाबतीत मात्र तो आमच्या दोन गावं पुढं. आम्ही जुन्या वळणाची माणसं. युद्ध वाईट हे आम्हीही मानायचो, पण घरात बसून मानायचो. हा चौकात पाटी घेऊन एकटा उभा राहिला, बर्फ पडत असताना. ऑर्व्हिल बर्केटला ते अजिबात पटलं नव्हतं. तरी ट्रक थांबवून त्यानं खिडकीतून थर्मास पुढे केला. "मूर्खा, निदान टोपी तरी घाल," म्हणाला, आणि स्वतःची टोपी त्याच्या डोक्यावर दाबून गेला. ती टोपी वेंडलनं कधी परत केली नाही आणि ऑर्व्हिलनं कधी मागितली नाही. असं होतं त्या दोघांचं.

ऑर्व्हिल आमच्या डीकनांचा, म्हणजे मंडळीची देखभाल करणाऱ्या सेवकांचा, प्रमुख. मी त्याचा जोडीदार. दर वसंतात, प्रीतिभोजनाच्या, म्हणजे एकमेकांचे पाय धुऊन एकत्र जेवायच्या आमच्या ईस्टरच्या विधीच्या आधी, आम्ही दोघं त्याच्या ट्रकमधून मंडळीतल्या प्रत्येक घरी जायचो आणि आमच्या पणजोबांनी विचारलेलेच प्रश्न विचारायचो. त्यातला खरा प्रश्न एकच. मंडळीतल्या सगळ्यांशी तुझं मन शांत आहे ना? नसेल तर आधी ते मिटवायचं. ज्यांच्यात अबोला आहे त्यांनी एकमेकांचे पाय कसे धुवायचे, आणि चौघांत एक वाडगा असताना त्यात चमचा तरी कसा घालायचा? बहुतेक घरी लोक "शांत आहे, शांत आहे" म्हणत केक कापायला घ्यायचे. सगळ्यात शेवटी माझ्या अंगणात ट्रक उभा करून आम्ही एकमेकांना विचारायचो. तो निव्वळ उपचार होता.

त्या वर्षीही मी दाराच्या कडीला हात घालतच विचारलं, "काय रे, मन शांत ना?"

"नाही," ऑर्व्हिल म्हणाला.

मी हात काढून घेतला.

"वेंडलनं माझ्या नदीनला आशीर्वाद दिला. तिला आणि त्या ट्रीसाला. परसात, झाडाखाली, अंगठ्या घालून."

नदीन म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. शाळेची बस चालवायची, आणि बरीच वर्षं ट्रीसाबरोबर राहत होती. खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मूग गिळून होते. दोघींनी लग्नाचं नाव काढलं असेल आणि आमच्या पास्टरनं त्यावर हात ठेवला असेल, असं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"गिरणीत कळलं," तो म्हणाला. "माझ्या पोरीचा सोहळा, मर्ल, आणि मला पेंडीच्या पोत्यांमध्ये उभं राहून कळतंय. दुसऱ्याच्या तोंडून." मग त्यानं ट्रक सुरू केला, म्हणजे मी उतरावं.

मी सरळ वेंडलकडे गेलो. तो ऐकून घेत गेला आणि खिशावरचा डाग अंगठ्यानं चोळत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे यंदा प्रीतिभोजन नाही."

"एका माणसासाठी?"

"तुम्ही दारोदार प्रश्न विचारता ना? मग उत्तरही ऐकायला नको?"

"अरे, अर्माच्या भाकरी भाजून झाल्यात!"

"भाकरी थांबेल."

अर्मा म्हणजे माझी बायको. प्रभुभोजनाची बिनखमिराची भाकर तिच्याच हाताखाली व्हायची. बायका जमून, गप्प बसून, लोणी-सायीत पीठ मळायच्या आणि काट्यानं टोचे मारायच्या. रस्स्यासाठी गाईचं मांस आणलेलं होतं. तिला सांगितलं तर ती लाटणं आपटून म्हणाली, "येशूनं दगा देणाऱ्या यहूदालाही बसवून जेवू घातलं, आणि याला ऑर्व्हिलवाचून घास उतरत नाही! भाकर काय फ्रीजरमध्ये घालून ठेवू?" आणि तिनं ती फ्रीजरमध्येच घालून ठेवली.

ईस्टर प्रीतिभोजनाशिवाय गेला. असं कुणाच्या आठवणीत झालं नव्हतं. चर्चच्या बाकांवर उघड दोन बाजू पडल्या. काही म्हणायचे, पास्टरला घालवा. काही म्हणायचे, ऑर्व्हिलच्या हट्टापायी सगळी मंडळी का उपाशी? ऑर्व्हिल रविवारी यायचाच बंद झाला. तो खोऱ्यापलीकडच्या कडक मंडळीत जाणार, आणि त्याच्या पाठोपाठ अर्धी बाकं रिकामी होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आमचं चर्च मोडणार होतं. मला राग दोघांचाही येत होता, आणि खरं सांगायचं तर रडूही.

वेंडलनं यावर प्रवचन केलं नाही, सभा घेतली नाही. तो गोठ्यात गेला. ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे, धारांच्या वेळेला, फिलिसचे बागेतले बूट घालून तो ऑर्व्हिलच्या गोठ्यात शिरला, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि शेण ओढायला लागला. भीतीनं त्याचे ओठ पांढरे पडलेले. ऑर्व्हिलनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. धारा संपल्या, वेंडल "येतो" म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मग रोजच.

मी एकदा शेणकाल्याची टाकी मागायच्या निमित्तानं बघायला गेलो. एकजण धारा काढतोय, एकजण शेण ओढतोय, आणि मधे नुसतं यंत्र धडधडतंय. परत येताना मी वेंडलला गाठलं. "पालथ्या घड्यावर पाणी आहे हे. काय मिळतं तुला?"

"वास मिळतो," तो म्हणाला. "फिलिस मला आता ओसरीवर कपडे काढायला लावते." मग चालता चालता थांबला. "मर्ल, शांती म्हणजे भांडण नसणं नव्हे. भांडण असताना एकाच वाडग्यात चमचा घालता आला, तर तिला मी शांती म्हणेन. तिथपर्यंत कसं जायचं ते मला माहीत नाही. गोठ्यापर्यंतचा रस्ता तेवढा माहीत आहे."

ऑर्व्हिलकडे डॉली नावाची एक गाय होती. तिची लाथ खोऱ्यात प्रसिद्ध. एका सकाळी वेंडल फावडं ओढत ओढत नेमका तिच्या मागे गेला.

"तिच्या मागे उभा राहू नकोस!" ऑर्व्हिल ओरडला.

इतक्या आठवड्यांनी तो पहिला शब्द. आणि झालं काय, तो शब्द ऐकून आमचा पास्टर आनंदानं जागच्या जागी थबकला आणि मागे वळून हसला. डॉलीनं घोट्यावर हाणली. वेंडल शेणात बसला. ऑर्व्हिलनं त्याला काखेत धरून पेंडीच्या पोत्यावर बसवलं, बूट कापून काढला, आणि रक्त पुसता पुसता शिव्यांच्या जवळपास जाणारं बरंच काही बोलून घेतलं. हे सगळं मला नंतर वेंडलनंच सांगितलं, मोठ्या कौतुकानं.

मग ऑर्व्हिल म्हणाला, "चूक झाली म्हण."

"आशीर्वाद दिला ती चूक नव्हती. ते माझ्या तोंडून निघणार नाही," वेंडल म्हणाला. "पण तुझ्यापासून लपवून दिला, ती चूकच. आधी तुझ्या टेबलाशी बसून तुला सांगायला हवं होतं. तुझ्यासमोर यायला मी घाबरलो, ऑर्व्हिल. गायीला घाबरतो त्याहून जास्त. मला क्षमा कर."

"हे अर्धंच झालं."

"माझ्याजवळ अर्धंच आहे."

ऑर्व्हिल बराच वेळ पट्टी गुंडाळत बसला. "घट्ट होतेय का?" एवढंच त्यानं विचारलं.

नदीननंच त्याला गळ घातली होती की बाबांना सांगू नका. वेंडलनं ते ऑर्व्हिलला कधीही सांगितलं नाही. मला ते नदीनकडून कळलं, तिच्या वडलांना मातीत ठेवून परतताना.

त्याच आठवड्यात ऑर्व्हिलनं माझ्या अंगणात ट्रक आणला, खाली न उतरता म्हणाला, "विचार." मी विचारलं. "शांत नाही," तो म्हणाला, "पण बसेन." आमच्या पणजोबांच्या प्रश्नांत असल्या उत्तराला जागा नव्हती. मी म्हटलं, चालेल. अर्मानं भाकरी फ्रीजरमधून काढल्या, वास घेतला आणि नव्या करायला बसली.

ते प्रीतिभोजन सफरचंदाची फुलं गळून गेल्यावर झालं. तेव्हा पुरुषांची टेबलं एका बाजूला, बायकांची दुसऱ्या बाजूला. ऑर्व्हिल येऊन वेंडलच्या शेजारी बसला. घंगाळं फिरत फिरत आलं, तेव्हा त्यानं कमरेला टॉवेल गुंडाळला आणि गुडघ्यांवर बसला. वेंडलनं मोजा काढला. घोटा अजून निळाजांभळा होता. ऑर्व्हिलचे हात म्हणजे फावडीच, पण त्या हातांनी त्यानं तो पाय असा धुतला की पाण्याचा आवाजसुद्धा आला नाही. मग दोघं उठले, मंडळीच्या रीतीप्रमाणे एकमेकांचं चुंबन घेतलं. ऑर्व्हिलचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. पण घेतलं. पलीकडे बायकांच्या टेबलाशी नदीन हाताच्या ओंजळीत तोंड लपवून बसली होती. मग आम्ही रस्स्यात भिजलेला पाव एकाच वाडग्यातून खाल्ला, आणि इतका चविष्ट मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

एवढ्यानं सगळं गोड झालं असं नाही. पण भोजनानंतर मी स्वयंपाकघरात डोकावलो तर ट्रीसा भांडी घासत होती. ती आमच्या मंडळीतली नव्हती, नुसती मदतीला आली होती. तिच्या शेजारी फडकं घेऊन ऑर्व्हिल उभा. ती वाडगे देतेय, हा पुसतोय. शेवटी त्यानं एक वाडगा परत तिच्यापुढे धरला.

"याला तेलकट राहिलंय."

"आणा इकडे," ट्रीसा म्हणाली. "तुमच्या मुलीला कधी भांडी घासायला शिकवलं असतं, तर घरीदारी मलाच घासावी लागली नसती."

ऑर्व्हिलच्या नाकातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता, हे त्याला ओळखणाऱ्यालाच कळलं असतं.

आता ऑर्व्हिल गेला, फिलिस गेली, माझी अर्माही गेली. खोऱ्यात गायी कमी झाल्या, बाकांवर माणसं त्याहून कमी. डीकनकीत माझी जोडीदार नदीन आहे, आणि ट्रक तिचा असतो. वेंडल मंडळीच्या वृद्धाश्रमात आहे. डोक्यातलं बरंचसं सांडून गेलंय त्याच्या. मला कधी ओळखतो, कधी गिरणीवाला समजतो.

या वसंतात आम्ही त्याच्याकडे गेलो ते घंगाळं, टॉवेल आणि रुमालात बांधलेली भाकर घेऊन. चर्चपर्यंत त्याला आणणं आता होत नाही. तो खुर्चीत बसला होता, स्वच्छ सदरा घालून. खिसा कोरा. मी प्रश्न विचारला, "वेंडल, मंडळीतल्या सगळ्यांशी तुझं मन शांत आहे ना?"

तो अस्वस्थ झाला. भाकरीकडे बघून त्यानं हात मागे घेतला आणि दाराकडे पाहायला लागला.

"ऑर्व्हिल आला का?"

ट्रक लावतोय, येईलच, असं म्हणून टाकावं असं तोंडापर्यंत आलं. आमच्यात खोटं बोलत नाहीत, पण त्या क्षणी मी बोललोही असतो.

"तो आल्याशिवाय भाकर मोडू नका," वेंडल म्हणाला. "मी त्याच्यापासून लपवलं. बोलत नाही तो माझ्याशी."

नदीन खाली बसली. तिनं त्याचे मोजे काढले, पाय घंगाळात घेतले आणि ओंजळीनं पाणी घालत राहिली. मग तिनं त्याचाच हात धरून खाली आणला आणि घोट्यावरच्या जुन्या वणावर ठेवला.

"हे काय आहे, पास्टर?"

त्याची बोटं त्यावरून फिरली. पुन्हा फिरली.

"डॉली," तो म्हणाला.

"हो. आणि बाबा काय म्हणाले होते?"

"मागे उभा राहू नकोस." त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. "मोठ्यानं ओरडला होता." मग त्यानं नदीनकडे नीट पाहिलं. "म्हणजे बोलला तो माझ्याशी?"

"बोलले ना. आणि याच पायाला पट्टी बांधली, आणि हाच पाय धुतला."

नदीननं दोन्ही पाय टॉवेलात घेऊन पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. वेंडल तिच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे हात पुढे केला.

"मग थांबलायस कशाला, मर्ल?" तो म्हणाला. "मोड भाकर."