मशीन भरेपर्यंत

आमच्या घरी जेवायला बसलात तर डावा हात ताटावर ठेवा. नाहीतर शेवटचा घास तोंडात जायच्या आत ताट मोरीत गेलेलं असेल. माझा नवरा ऋषिराज छत्तीस वर्षांचा झाला, तरी अजून ताट राखूनच जेवतो. पाहुण्यांना वाटतं, म्हातारीला आपण जड झालो. तसं काही नसतं. माझ्या सासूला, बनाबाईला, खरकटं दिसलं की चैन पडत नाही. खरकट्यानं लक्ष्मी रुसते म्हणून, असं आम्ही धरून चाललो होतो. मी त्यांना आत्या म्हणते. आमच्या जळोची गावात सगळे त्यांना ओळखतात ते भांड्यांच्या आवाजावरनं.

कोऱ्हाळ्याहून सतराव्या वर्षी त्या ह्या घरात आल्या, तेव्हा घरात चौदा माणसं होती आणि भांडी त्यांच्या वाट्याला आली. तेव्हापासून हात चाललेलाच. नुसतं बसणं त्यांना माहीतच नाही. टीव्हीसमोर बसल्या तरी पाय हलतो, नजर स्वयंपाकघराकडे.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. मनगटातली नस दबली होती. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "ह्यांना भांडी घासू देऊ नका. पुन्हा नस दबली तर अंगठ्यातला जोर जाईल, आणि गेलेला जोर परत येणार नाही." मी कामाला बाई लावली. आत्या तिचं घासलेलं परत घासायच्या. बाई आठ दिवसांत पळाली.

मग मी डिशवॉशर घ्यायचं ठरवलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे उगाच घेतलं नाही. वीज किती, पाणी किती, सगळं पडताळून कमीत कमी खाणारं घेतलं.

बसवायला बारामतीहून फिरोज आला. नळाची लाइन जोडली, बोअरच्या जड पाण्यासाठी आत मीठ भरलं आणि समजावून सांगितलं, "वहिनी, मशीन पूर्ण भरल्याबिगर लावायचं न्हाय. भरलं की इकोवर टाका. साडेतीन तास घेतंय, पर वीज-पाणी लई वाचतंय."

"साडेतीन तास?" आत्या म्हणाल्या. "आन भरंस्तोवर खरकटं आतच?"

"व्हय मावशी. दार लावलं की वास बी येत न्हाय."

आत्यांचा चेहरा उतरला. मला हसू आलं. आता त्याची लाज वाटते.

आम्ही माणसं तीन. मशीन भरायला दीड दिवस लागायचा. आत्या दहा वेळा उठून दार उघडून बघायच्या, पुन्हा लावायच्या, पुन्हा उठायच्या. ऋषिराज जेवून मोटारसायकलवर एमआयडीसीत पाळीला निघाला की त्यांची तगमग जास्तच. पण हळूहळू ती थांबली. भांडी लखलखीत निघत होती. शाळेत मी मशीनचं कौतुक सांगून सगळ्यांना कंटाळा आणला.

तीन आठवड्यांनी फिरोज तपासणीला आला. तळातली जाळी काढून उजेडात धरली.

"वहिनी, तुमी मशीन वापरता का न्हाय? भाताचं एक शीत न्हाय हिच्यात."

मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी उजवा हात पदराआड घेतला.

मी फिरोजला वाटेला लावलं. मग तो हात ओढून बघितला. मनगट सुजलं होतं. त्या रोज चोरून भांडी घासत होत्या आणि धुतलेली भांडी मशीनमध्ये लावत होत्या. मी नको नको ते बोलले. "अंगठा गेला तर घास कोण भरवणार? कसली लक्ष्मी रुसते हो खरकट्यानं? अडाणीपणा नुसता!"

आत्या खाली बघत होत्या. तशाच बोलल्या.

"लक्ष्मीचं न्हाय गं राजी. तुझं मामा गेलं त्या दिसाचं हाय. मला ताप व्हता. आयुष्यात येकदा भांडी तशीच ठिवली. ह्यांनी जेवलेलं ताट मोरीत पडलेलं, आन हे गाडीवर कामाला गेलं. ताट घासायच्या आधी सांगावा आला."

मामा म्हणजे माझे सासरे, जोतीराम, माझ्या लग्नाआधीच उसाच्या ट्रॉलीखाली गेले, एवढंच मला माहीत होतं. ताटाचं कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून अकरा वर्षं ऋषिराजची गाडी वळणावर पोचायच्या आत त्याचं ताट धुतलं जात होतं, आणि आम्ही त्याची चेष्टा करत होतो.

"तसं काही नसतं, आत्या," मी म्हणाले.

"मला बी कळतंय. पर जिवाला कळत न्हाय."

विज्ञानात ह्यावर उत्तर असेल. मी त्यांना मशीनचं अर्ध्या तासाचं बटण दाखवलं. दिवसातनं चारदा लावा म्हटलं, अर्धं रिकामं लावा, पण हात पाण्यात घालायचा नाही. माझ्या बचतीवर पाणी पडलं ते पडलं.

आता ऋषिराज जेवला की आत्या ताट आत ठेवतात, डाव्या हाताने बटण दाबतात. आत पाण्याचा आवाज सुरू झाला की तो गाडीला किक मारतो. तो पोचल्याचा फोन येईपर्यंत आत्या मशीनच्या दारावर तळवा टेकून उभ्या असतात. तगमग गेलेली नाही. मनगटाची सूज मात्र उतरली.

परवा ऋषिराजला सुट्टी होती, तो झोपला होता. मी एकटीच चहा घेऊन शाळेला निघाले. गेटपाशी स्कूटर चालू करणार, तोच मागे मशीनचा आवाज आला. कुणी जेवलं नव्हतं, आदल्या दिवसाची भांडी धुऊन झाली होती. मी परत जाऊन खिडकीतून बघितलं. आत्या दारावर तळवा टेकून उभ्या होत्या.

"काय लावलंय, आत्या?"

"तुझा कप हाय," त्या म्हणाल्या. "जा आता. पोचलीस की फोन कर."