प्रीमियरचं उत्तर

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही — आणि माझ्या पोटात तर काही म्हणता काही राहत नाही! मग हीच का राहिली? ऐका.

साठचं दशक. दुबईत खाडीकाठी आमच्या तेलकंपनीचं ऑफिस, मी तिथला टायपिस्ट. साहेब कॅनडाचे. त्यांच्या प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्रीच, हे साहेबांचं दैवत. साधे शाळामास्तर, सत्तेवर येऊन त्यांनी खेड्यांत वीज नेली, इस्पितळांची बिलं बंद केली. साहेब हे मला सांगायचे, मी हातवारे करकरून दाऊदभाईंना. दाऊदभाई कंपनीचे ड्रायव्हर, रत्नागिरीकडचे. त्यांची बहीण बाळंतपणात गेलेली — दवाखान्याच्या वाटेवर, होडीत.

एका जुम्म्याला ते म्हणाले, "मुनशी, त्या माणसाला खत लिही. विचार, गरीब गावात पहिला दवाखाना उभा कसा करायचा."

सगळ्यांची खतं मीच लिहायचो. हेही लिहिलं, शब्दन्‌शब्द त्यांचा. आणि खाली सही — कुणाची? इंग्रजी पत्राखाली ड्रायव्हरचा अंगठा शोभेल का? मी झोकात माझं नाव ठोकलं.

आणि उत्तर आलं! स्वतःच्या हातचं, दोन पानी. गावाने आधी एक खोली द्यावी, गावातलीच एक मुलगी सुईणीचं काम शिकायला पाठवावी... साहेबांनी अख्ख्या ऑफिसला वाचून दाखवलं. टाळ्या! मी नाटकातल्या राजासारखा तीनदा वाकलो. दाराशी दाऊदभाईही टाळ्या वाजवत होते. त्यांना इंग्रजी कुठे येत होतं?

संध्याकाळी त्यांनी विचारलं, शाबासकी कशाची? टायपिंगची, म्हटलं. आणि आपल्या खताचं? आलं नाही, म्हटलं. येईल इन्शाल्ला, ते म्हणाले. महिन्याभरात मी हेडक्लार्क झालो.

तीन वर्षं ते विचारत राहिले. मग थांबले.

प्रीमियर निवृत्त झाल्याचं साहेबांनी आम्हाला गाडीत सांगितलं, डोळे पुसत. मी ते मराठीत सांगितलं. दाऊदभाई समोरचा रस्ता बघत म्हणाले, "एवढा मोठा माणूस, गरिबाला दोन ओळी लिहवल्या नाहीत."

काय म्हणतोय तो, साहेबांनी विचारलं.

"म्हणतोय, फार मोठा माणूस," मी सांगितलं.

साहेबांनी दाऊदभाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

दाऊदभाई आता नाहीत. कॅनडात त्या भल्या माणसाच्या नावाचे रस्ते आहेत म्हणे. दाऊदभाईंच्या लेखी मात्र तो गरिबाला उत्तर न देणारा माणूस होता, शेवटपर्यंत. ते मी केलं.