समोर चला

माइकचं बटण दाबण्याआधी ताई ओढणी सारखी करायची. चौकातल्या लोकांना ती दिसायची नाही, फक्त खांबावरच्या भोंग्यातून ऐकू यायची. पण चार लोकांत बोलायचं तर नीटनेटकं असावं, असं तिचं म्हणणं.

नागपुरात गाडी चालवत असाल तर तुम्हीही तिची बोलणी खाल्ली असतील. शहरभरचे चौक आमच्या खोलीतल्या पडद्यांवर दिसतात आणि चुकणाऱ्याला आम्ही तिथूनच टोकतो. साहेबांनी लिहून दिलेलं ‘कृपया वाहन रेषेच्या मागे घ्यावे’ ती एकदा म्हणे, मग स्वतःचं सुरू. “लाल शर्टवाले भाऊ, मागं व्हा गा. रस्ता काही सासऱ्यानं आंदण नाही दिला.”

पायी चालणाऱ्यांशी मात्र मायेनं बोलायची. “समोर चला, समोर चला. घर वाट पाहून राहिलं.” हे वाक्य साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते तिच्याच आवाजात भरून घेतलं. रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांजवळ कोणी रेंगाळलं की यंत्र ते आपोआप वाजवणार होतं. त्या दिवशी ताईनं आम्हा सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले.

घरी तिची आई होती, विसरायचा आजार झालेली. लेक पुढ्यात आली तरी विचारायची, “तुम्ही कोणाच्या, बाई?” पण दाराबाहेरून आवाज दिला की लगेच, “आली काय वं?” म्हणून ताई रोज आधी बाहेरूनच बोलायची, मग आत जायची. हे ती हसत सांगायची, आम्हीही हसायचो.

एका दुपारी कामठी रोडच्या चौकात एक म्हातारी पट्ट्यांवर मधेच थांबली. पाठमोरी, डोक्यावर पदर. मागे हॉर्नचा गोंधळ. ताईनं ओढणी सारखी केली. “समोर चला, आजी. घर वाट पाहून राहिलं.”

म्हातारीनं मान वर केली, इकडंतिकडं पाहिलं आणि सांगितल्यासारखी समोर चालू लागली. ताई दुसऱ्या पडद्याकडे वळली.

संध्याकाळी शेजारणीचा फोन आला, आई घरात नाही. आम्ही दुपारचं चित्रण मागं नेऊन पाहू लागलो. त्या चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यात म्हातारीचा चेहरा दिसला. ती भोंग्याकडे पाहून हसत होती, ओठ हलत होते. आमच्या कॅमेऱ्यांना आवाज नसतो. ताईच म्हणाली, “‘आली काय वं’ म्हणून राहिली ती.”

पुढं ती कन्हान नदीच्या वाटेनं जाताना दिसते, मग कॅमेरे संपतात. पोलिसांनी शोधलं, आम्ही नदीकाठ पालथा घातला. ती सापडली नाही.

ताईनं पुन्हा माइकला हात लावला नाही. ती नोकरी सोडायला आली तेव्हा साहेबांनी आपणहून सांगितलं, ते वाक्य पुसून टाकतो. माणूस भला आहे. ताईनं नको म्हटलं.

“राहू द्या, साहेब. ती मले नाही ओळखत, आवाजाले ओळखते.”

दुपारची पाळी असली की मी त्या चौकाकडे पाहायचं टाळतो. मला भीती वाटते. तरी नजर जातेच. ताई तिथं येते, पट्ट्यांजवळ मुद्दाम रेंगाळते, यंत्राला बोलतं करते. मग ओढणी सारखी करून कन्हानच्या रस्त्याकडे पाहत राहते.

मला इथं काही ऐकू येत नाही. पण तिच्या डोक्यावर तिचाच आवाज काय म्हणतो आहे, हे ठाऊक असतं. समोर चला. घर वाट पाहून राहिलं.

सगळी माणसं समोर जातात. ती तेवढी थांबते.