काढला एकदाचा लिनक्स!

दोन मास्तर जमले आणि चहा आला की किस्से निघतातच. आमच्या सेनगावकडच्या शाळेत कॉम्प्युटर एकच होता, पण किस्से पोतंभर! दोन हजार सालानंतरची गोष्ट. सरकारी मशीन, आत विंडोजऐवजी लिनक्स नावाची फुकटातली सिस्टिम. मला लगेच कॉम्प्युटर इन्चार्ज नेमलं. माझी पात्रता? "गल्लीतले टीव्हीचे अँटेने तुमीच फिरवता ना!" इति हेडसर.

*

हेडसर मे महिन्यात रिटायर होणार होते. सरकारी वस्तूत काही कमी निघालं तर पेन्शन अडकेल, या धास्तीनं ते खडूचे तुकडेही कुलपात ठेवत. पण पगारबिलाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालायचं. शेवटी मन घट्ट करून हुकूम सुटला, "लिनक्स काढा. पण मशीनला ओरखडा न्हाई पडला पाहिजे!"

*

पहिला मान आमचे क्लार्क राठोडबाबू यांचा. आत गेले, लगेच बाहेर आले. "काढला!" पाहतो तर स्क्रीनवरच्या पेंग्विनच्या, म्हणजे लिनक्सच्या खुणेच्या, चित्राजागी गुलाबाचं फूल. हेडसरांनी पाठ थोपटली. चांगला आठवडाभर शाळा लिनक्समुक्त होती!

*

पगारबिल काही चालेना, मग हिंगोलीहून एक्स्पर्ट आणला. कोर्स केलेला, गॉगलवाला. फटाफट बटणं दाबली. स्क्रीन काळा झाला.

"लिनक्स गेला."

"मग आता आत काय हाय?"

"आता काहीच न्हाई."

विंडोजची सीडी तो घरीच विसरला होता. चहा मात्र दोनदा घेतला.

*

सीडी आली तर लाइट गेली. लाइट आली, विंडोज अर्ध्यावर चढलं, की पुन्हा लोडशेडिंग. हेडसर दारातूनच विचारायचे, "चढून राहिलं का?" एका रविवारी चढलं एकदाचं. त्यांचा चेहरा असा फुलला की मलाच भरून आलं.

*

हेडसरांच्या रिटायरमेंटआधी सरकारी वस्तूंची तपासणी होती. तिच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "काढलेला लिनक्स कुठं ठेवला?"

"सर, तो पुसला. ती काही वस्तू नसते."

"सरकारी माल हाय! साहेबानं मागितला तर काय दाखवू? माझी पेन्शन तुमी देणार व्हय?" आवाज कापत होता. चेष्टा करायची माझी हिंमत झाली नाही.

राठोडबाबू उठले. भंगारातल्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर काढला, पिशवीत बांधला आणि कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. मशीन पाहिलं. "यात लिनक्स होता ना? कुठंय?"

हेडसरांनी कपाटातली पिशवी पुढं केली. साहेबांनी स्पीकर बाहेर काढला, टिचकी मारली, कानाला लावून पाहिला.

"बराबर. हा गेलेलाच आहे," साहेब म्हणाले. "पण जपून ठेवा. नव्या हेडसरांना चार्ज देताना लागेल."