वर जायचं कसं?

एका अकरा मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून त्याने सत्तावीस वर्षं लोकांची ने-आण केली. फावल्या वेळात मांडीवर चौकटीची वही घेऊन तो आपल्या घराचा नकाशा काढायचा. दोन वर्षं खोडरबर झिजवले. जागा एवढीशी, म्हणून खाली स्वयंपाकघर, बैठक आणि ताईची खोली, वर नवराबायकोची. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी भाड्याच्या घरात दोघं बाहेरच्या खोलीतच पथारी पसरत. आतली खोली ताईची. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं, त्यापायी स्वतःचं लग्न राहिलं. आता तिचे गुडघे पार गेले होते.

वहीवरून बांधकामाचे पक्के नकाशे करून घ्यायला तो निघाला, तेव्हा ताईही हौसेनं आली. इंजिनिअर बाईंनी वही उलटसुलट करून पाहिली.

"काका, वर जायचं कसं?"

"म्हणजे?"

"जिना कुठाय?"

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. कॅलेंडरचा खिळा कुठे ठोकायचा ते ठरलं होतं, आणि जिना नाही!

"लिफ्टमन ना तुम्ही!" बाई खुदकन हसल्या आणि त्याचा चेहरा बघून पुन्हा वहीकडे वळल्या. "बाहेरून बसत नाही हो, भोवती जागा सोडावी लागते. आत घेतला तर ही खोली जाते." त्यांचं पेन ताईच्या खोलीवर टेकलं.

"मला ठाऊक होतं," ताई म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"जिना नाहीये ते. पहिल्या दिवशीच दिसलं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काढला असतास. माझी खोली राहिली असती का?"

दोन वर्षं रोज वही बघून ही "छान रे, छान" म्हणायची. बायको वरच्या खोलीचा रंग ठरवत होती, तेव्हाही ही शेजारीच बसून भाजी निवडत होती.

"मग काय करू?" बाईंनी विचारलं.

"वरचा मजला काढून टाका." हे आपणच बोललो, हे त्याला खरं वाटेना. ताई एकदा तरी "नको रे" म्हणेल म्हणून तो थांबला.

ताई खुर्ची धरून पुढे वाकली. "माझ्या खोलीची खिडकी जरा मोठी ठेवा हो," ती बाईंना म्हणाली.